काकूंची चार वाक्यं

आमच्या कपाटात शंभरेक लोकांचे जबडे आहेत आणि त्यातले निम्मे लोक रस्त्यात भेटले की मला हात करतात. पुढच्या खोलीत डॉक्टरीणबाई दात काढतात आणि मागच्या खोलीत मावशी आणि मी दात बनवतो, म्हणजे धंदा घरातल्या घरात फिरतो. बाई पेशंटच्या तोंडाचा ठसा घेतात. आम्ही त्या ठशात प्लास्टर ओततो, ते सुकतं, आणि माणसाचे वरचा आणि खालचा असे दोन जबडे आमच्या टेबलावर येतात. मग ते एका पितळी बिजागरावर बसवायचे, म्हणजे तोंड उघडतं, मिटतं. त्यावर मेणात दात रचायचे, आणि शेवटी मेणाच्या जागी गुलाबी प्लास्टिक भरून ते भांड्यात शिजवलं की कवळी तयार.

तर आता मला सांगा, तुमच्यासमोर एक तोंड आहे, ते उघडतंय आणि मिटतंय, आणि जेवणाची सुट्टी आहे. तुम्ही काय कराल?

मी बोलायला लावलं. सुरुवातीला साधंच. पोस्टमनचा जबडा बेकरीवाल्याच्या जबड्याला विचारायचा, पाव शिळा का. पण खरी रंगत आली ती प्रवचनकार आणि मास्तर एकाच महिन्यात कपाटात दाखल झाले तेव्हा.

हे दोघे शाळेत एका बाकावर बसलेले. पुढे एक प्रवचनकार झाला आणि एक शाळेत विज्ञान शिकवायला लागला. मास्तरांनी सकाळची प्रार्थना बंद करून त्या वेळात पाढे घ्यायला सुरुवात केली. प्रवचनकारांनी पुढच्या रविवारी 'एका शिक्षकाविषयी' दीड तास प्रवचन दिलं. तेव्हापासून तीस वर्षं दोघांत बोलणं बंद. एकमेकांना काही सांगायचंच झालं तर वाटेतल्या तिसऱ्या माणसाला सांगायचे. तिसरा नसेल तर खांबाला.

आमच्या टेबलावर मात्र ते रोज एक ते दीड बोलायचे. प्रवचनकारांचा जबडा "बाळांनो" अशी सुरुवात करायचा आणि मास्तरांचा जबडा मध्येच तोडायचा, "पुरावा?" देव आहे की नाही, माणूस मुळात चांगला की वाईट, समाज सुधारतो की नुसता कपडे बदलतो, असे मोठमोठे विषय आम्ही डबा संपायच्या आत निकालात काढायचो. निकाल मी नि:पक्षपातीपणे द्यायचो. सम तारखेला देव असायचा, विषम तारखेला नसायचा. मावशी जेवताना मान वर करायची नाही, पण एकदा एकतीस तारखेनंतर एक तारीख आली तेव्हा म्हणाली, "दोन दिवस झाले रे देवाला सुट्टी देऊन." म्हणजे ऐकत होती.

मग मास्तरांच्या पत्नी वारल्या.

त्यांना सगळे काकू म्हणायचे. मीही. काकू दर रविवारी प्रवचनाला जायच्या, तीस वर्षं, आणि मास्तर दर रविवारी त्यांना दारापर्यंत सोडून बाहेरच्या बाकावर वर्तमानपत्र वाचत बसायचे. शोकसभा प्रवचनकारांच्या सभागृहातच व्हावी, असं त्या सांगून गेल्या होत्या. शनिवारी चार वाजता ठरली. सभागृहाच्या मंडळींनी रिवाजाप्रमाणे मास्तरांना कळवलं की घरच्यांच्या वतीने प्रवचनकारच बोलतील. मास्तरांनी रिवाजाप्रमाणे न कळवता स्वतः जाऊन सांगितलं, "ती माझी बायको होती. मीच बोलणार. दुसरं कुणी बोलायला उठलं तर मी खुर्चीवर उभा राहीन."

अडचण एवढीच होती की मास्तरांना दात नव्हते. जुनी कवळी त्यांनी काकू गेल्या त्या दिवशी दवाखान्यात खुर्चीवर काढून ठेवली आणि मग त्याच खुर्चीवर बसले. सभेला आठ दिवस होते. प्रवचनकारांचे शेवटचे चार दात महिन्यापूर्वी बाईंनीच काढले होते आणि त्यांनाही कवळी त्याच शनिवारी हवी होती. दोघांचे ठसे आमच्याकडे आधीच आलेले होते, मास्तरांचा जुनी कवळी सैल झाली होती म्हणून. वेळ कमी म्हणून बाई म्हणाल्या, मेणातले दात पेशंटच्या तोंडात लावून बघायचं यावेळी राहू दे, तुमच्या हातावर माझा भरवसा आहे.

हात मावशीचा असता तर भरवसा ठीक होता. पण त्याच आठवड्यात मावशीला दोन दिवस तिच्या नणंदेकडे जावं लागलं. जाताना म्हणाली, "दोन्ही जबडे बिजागरावर बसवून ठेव. फक्त बसवून ठेव. बाकी कशाला हात लावलास तर तुझाच ठसा घेईन."

मी बसवले. आणि इथे मला कबूल करायला हवं की त्या दिवशी, एक ते दीडच्या दरम्यान, मला एक कल्पना सुचली होती. एकाच तोंडाने दोन्ही बाजू मांडल्या तर? म्हणून मी मास्तरांच्या वरच्या जबड्याखाली प्रवचनकारांचा खालचा जबडा धरला आणि पाऊण तास एक माणूस स्वतःशी भांडला. अप्रतिम झालं. बघायला कुणी नव्हतं.

मग घड्याळ बघून मी घाईघाईने सगळं ट्रेमध्ये परत ठेवलं. ट्रेवर नावं होती, जबड्यांवर नव्हती. बसवायला घेतलं तेव्हा, बाईंनी मास्तरांना चावायला लावून घेतलेल्या मेणाच्या पट्टीत खालचा जबडा बसेना. मास्तर हट्टी आहेत हे अख्ख्या गावाला माहीत होतं. त्यांचा जबडाही हट्टी असणार असं मी धरून चाललो, मेण गरम केलं आणि दाबून बसवला. प्रवचनकारांचाही बसेना. तेव्हा तरी शंका यायला हवी होती. मला वाटलं, संगतीचा परिणाम.

मावशी आली, त्या बिजागरांवर तिने सुरेख दात रचले, कवळ्या शिजवल्या, घासल्या, चकचकीत केल्या. शुक्रवारी सकाळी दहाला प्रवचनकारांना बोलावलं होतं आणि साडेदहाला मास्तरांना. प्रवचनकार उशिरा आले आणि मास्तर लवकर, त्यामुळे दोघे एकदमच आत शिरले. पुढच्या खोलीत दोनच खुर्च्या आहेत आणि त्या एकमेकींना चिकटवून भिंतीत ठोकलेल्या आहेत.

दहा मिनिटांत बाईंची हाक आली. हाकेत माझं नाव नव्हतं, पण सूर माझ्यासाठीच होता.

वरच्या कवळ्या दोघांना छान बसल्या होत्या. खालच्या बसत नव्हत्या. बाईंनी माझ्याकडे बघितलं, मावशीने माझ्याकडे बघितलं, आणि मी भिंतीवरच्या अक्कलदाढेच्या चित्राकडे बघितलं. मग बाईंनी खालच्या दोन्ही कवळ्या औषधात बुडवून धुतल्या, अदलाबदल केल्या, आणि त्या बरोब्बर बसल्या. फक्त आता तोंड मिटलं की मास्तरांचे दात डावीकडेच टेकायचे आणि प्रवचनकारांचे पुढेच. म्हणजे मास्तरांचा वरचा जबडा फक्त प्रवचनकारांच्या खालच्या जबड्याशी जुळत होता. दोघांचं मिळून एक तोंड असतं तर काम उत्कृष्ट होतं.

"कुणी केलं हे?" मावशीने विचारलं. तिला माहीत होतं. तिला फक्त ते माझ्या तोंडून हवं होतं.

"मी," मी म्हणालो. "जबडे बदलले. जेवणाच्या सुट्टीत त्यांना बोलायला लावत होतो आणि परत ठेवताना चुकलो. बसत नव्हते तेव्हा दाबून बसवले."

"कुणाला बोलायला लावत होतास?" मास्तरांनी विचारलं.

"तुम्हाला. आणि ह्यांना. एकमेकांशी."

दोघांनी कवळ्या काढून बशीत ठेवल्या होत्या. दात नसले की सगळ्या माणसांचा आवाज एकाच कुटुंबातला होतो, ओठ आत जातात आणि अक्षरं बाहेर येताना मऊ पडतात. पुढचं सगळं बोलणं तसं झालं. मी ते इथे दातांसकट लिहितोय.

"आणि मी काय म्हणत होतो?" प्रवचनकारांनी विचारलं.

"'बाळांनो.'"

"मी असं कधीही म्हणत नाही."

"म्हणतोस," मास्तर भिंतीला म्हणाले.

मावशीने हात वर केला. ती हात वर करते तेव्हा डॉक्टरीणबाईही थांबतात. "खालच्या कवळ्या नव्याने कराव्या लागतील. बाई परत माप घेतील. पण शिजवायची दोन भांडी आहेत, त्यातल्या एकाची तार परवा जळलीय. शिजायला रात्रभर लागते. उद्या दुपारपर्यंत एकच होईल. कुणाची ते तुम्ही ठरवा."

"माझी," मास्तर आणि प्रवचनकार म्हणाले.

"सभा माझ्या सभागृहात आहे," प्रवचनकार मला म्हणाले. त्यांचा तिसरा माणूस मी होतो. "ह्यांना सांग, तिथे बिनदातांचा माणूस प्रार्थना कशी म्हणेल?"

"ह्यांना सांग," मास्तर मला म्हणाले, "प्रार्थना तशीही कुणाला कळत नाही."

"ह्यांना सांग, तिच्याबद्दल बोलायचं तर तिला ओळखायला लागतं. हे बाहेर बाकावर बसायचे. ती तीस वर्षं दर रविवारी माझ्यासमोर बसलीय. प्रवचन झालं की एक प्रश्न विचारल्याशिवाय उठायची नाही. असे प्रश्न, की मला आठवडाभर झोप लागू नये. एकदा म्हणाली, आंधळ्याला डोळे न देऊन देवाला काही शिकवायचं असेल, तर ते डोळसांना तोंडी सांगता आलं नसतं का?"

मास्तरांनी मान वळवली. मधला तिसरा माणूस, म्हणजे मी, त्यांना एकदम दिसेनासा झालो.

"हे तिने विचारलं? तुला?"

"हो. मला."

"हे मी म्हणालो होतो. शनिवारी संध्याकाळी. ती भांडी विसळत होती आणि मी पुसत होतो. ती म्हणाली, पटलं नाही, पण तू बोल. म्हणून मी बोललो."

प्रवचनकारांचं तोंड उघडंच राहिलं. आत काही नसल्यामुळे ते बरंच उघडं दिसलं.

"मग तू काय उत्तर दिलंस?" मास्तरांनी विचारलं. आवाज मोठा होता. वर्गात बाकाखाली लपलेल्या पोराला विचारावं तसा.

"मी म्हणालो, मला माहीत नाही. पण आंधळ्याचा हात धरून त्याला रस्ता ओलांडून देणारा माणूस कुठून येतो, ते आधी तुम्ही सांगा."

"सोमवारी!" मास्तर उभे राहिले. "सोमवारी तिने मला हेच ऐकवलं. शर्टाला बटण लावताना. मला वाटलं, काय बाई आहे, काय डोकं आहे. मी दोन दिवस गप्प होतो."

"दोन दिवस?"

"बुधवारी मला उत्तर सुचलं. म्हटलं, तो माणूस शेजारून येतो. शेजारचं घर दिसतं, त्याला पुरावा लागत नाही."

"ते मला पुढच्या रविवारी ऐकायला लागलं," प्रवचनकार हळू म्हणाले. "भर सभेत. मी पाणी प्यायलो."

"थांब. म्हणजे मी तीस वर्षं तुझ्याशी बोलत होतो?"

"आणि मी तुझ्याशी?"

"मी तुझ्याशी बोलत नाही, हे तुला चांगलं माहीत आहे!"

"मीही नाही बोलत!"

दोघेही दमून बसले. खुर्च्या भिंतीत ठोकलेल्या असल्यामुळे शेजारीशेजारीच बसावं लागलं. मला एकदम माझी लाज वाटली. कपाटासमोर बसून मी जो खेळ महिनाभर केला तो एका बाईने तीस वर्षं केला होता, खऱ्या जबड्यांवर, आणि एकदाही ट्रे बदलला नव्हता. शिवाय माझा संवाद टाकाऊ होता. मी दोघांना नुसतं जिंकायला लावत होतो. एकालाही मी कधी "मला माहीत नाही" म्हणू दिलं नव्हतं.

"पण मग काकू स्वतः काय म्हणायच्या?" मावशीने विचारलं.

तिने ते सहज विचारलं होतं, प्लास्टरचा हात पुसता पुसता. मास्तरांनी खिशातून एक कागद काढला. शनिवारचं भाषण होतं. वर लिहिलं होतं, 'ती म्हणायची', आणि खाली एकाखाली एक चौदा वाक्यं. त्यांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला.

"ह्यातलं निम्मं हिचं नाहीच," ते म्हणाले. "ह्यातलं निम्मं ह्या गाढवाचं आहे. उद्या मी सगळ्या गावासमोर उभा राहून बायकोच्या नावाने ह्याचं प्रवचन देणार होतो." मग त्यांनी माझ्याकडे हात पुढे केला. "पेन्सिल आण."

आमच्याकडे जबड्यांवर खुणा करायची जाड लाल पेन्सिल असते. ती दिली. मास्तरांनी कागद गुडघ्यावर ठेवला आणि एकेक वाक्य मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"'राग आला की आधी पाणी तापत ठेवावं, पाणी तापेपर्यंत माणूस निवतो.'"

"माझं," प्रवचनकार म्हणाले. "रागावरच्या चौथ्या प्रवचनातलं."

काट.

"'जो कधीच शंका घेत नाही त्याचा विश्वास नसतो, सवय असते.'"

"माझं."

"हे तुझं?" मास्तरांनी वर बघितलं. "हे चांगलं होतं."

"तुझ्याच एका प्रश्नाला वैतागून सुचलं. म्हणजे तिच्या. म्हणजे तुझ्या."

काट. पुढची दोन मास्तरांनी स्वतःच काटली, कारण वाचता वाचता त्यांना आठवलं की ती त्यांची स्वतःची होती आणि प्रवचनकारांकडून धुऊन, इस्त्री करून परत आली होती. काकूंचं एक वाक्य तरी शिल्लक राहील का, ही भीती त्यांच्या कपाळावर स्पष्ट दिसत होती आणि तरी ते काटत होते. असा माणूस परीक्षेचे पेपर तपासायला बसला असेल तर पोरांचं काही खरं नसणार.

चौदातली चार उरली.

"चार," मास्तर म्हणाले. "मी उद्या ही चार बोलणार. तिची म्हणून. बाकी एक अक्षर नाही. पण ही चार मला स्पष्ट बोलायची आहेत. कुणाला 'काय? काय?' असं विचारायला लागलं नाही पाहिजे."

प्रवचनकार बशीतल्या आपल्या कवळीकडे बघत होते. मग मावशीला म्हणाले, "ह्याची करा."

"तुम्ही?"

"मी दात लावून उभा राहिलो तर बोलल्याशिवाय राहणार नाही. आणि बोललो तर माझीच वाक्यं बोलेन, तिच्या नावावर. मला आजवर कळलंच नव्हतं मी असं करतोय ते." मास्तरांकडे वळून म्हणाले, "एक अट आहे. माझ्या सभागृहात उभा राहून देव नाही असं म्हणायचं नाही."

"तिच्याबद्दल बोलायला चाललोय. देवाचा विषय कुठून आला?"

"मग मी काय करू तिथे बसून?"

"ऐक. तीस वर्षांत पहिल्यांदाच."

बाईंनी मास्तरांच्या तोंडात मऊ मेण घालून पाच मिनिटं तोंड मिटून बसायला सांगितलं. ती पाच मिनिटं प्रवचनकार त्यांच्यासमोर उभे राहून काय काय बोलले ते मला दारातून ऐकू आलं नाही, पण मास्तरांचे कान लाल झालेले दिसले.

मी मावशीला म्हणालो, "मास्तरांची कवळी मी करतो."

"तू?"

"मी चुकवली. मीच नीट करणार."

"तुला दात रचता येतात?"

"तुझ्याकडे बघून येतात."

तिने आपली खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि स्वतः माझ्या स्टुलावर बसली. "रच. आणि तोंड बंद."

मी रचले. बिजागरावर आधी मास्तरांचा वरचा जबडा, त्याखाली मास्तरांचाच खालचा. बसवण्यापूर्वी दोन्हीच्या बुडावर सुईने खूण कोरली. मेणाची पट्टी यावेळी नुसती ठेवल्यावर टक्कन बसली. खरं सांगायचं तर माझा सगळा हट्टी जबड्याचा सिद्धांत तिथेच कोसळला. मग एकेक दात. पुढचे सहा, मग दाढा. प्रत्येक दात वरच्या दोघांच्या मधल्या खाचेत यायला हवा. मावशीने सात दात काढून फेकले आणि मी सातही परत बसवले. एक वाजता तिने डबा उघडला, एक घास तोंडात घातला आणि सवयीने वाट बघितली. मी जबडा उघडला नाही. दीड वाजता ती म्हणाली, "आठवा काढ, तिरका आहे." संध्याकाळी साचा भांड्यात गेला आणि शनिवारी सकाळी मी तो उघडला तेव्हा माझ्या हाताला जो घाम होता त्यात दोन कवळ्या शिजल्या असत्या.

दुपारी दोनला मास्तर खुर्चीत बसले. बाईंनी कवळी बसवली, निळा कागद चावायला दिला, दोन ठिकाणी जरासं घासलं. "आता मोजा. साठपासून. 'स' नीट येतोय का बघू."

"साठ, एकसष्ट, बासष्ट..." शिट्टी नाही, थुंकी नाही. शहात्तरला मावशी खात्री पटून मागच्या खोलीत तिच्या खुर्चीकडे गेली. मास्तर शंभरापर्यंत थांबले नाहीत. सुरू केलेलं काम ते अर्धं टाकत नाहीत.

चार वाजता सभागृह भरलं होतं. मी चौथ्या रांगेत मावशीशेजारी बसलो. मंचावर दोन खुर्च्या. एकीत प्रवचनकार, तोंडावर रुमाल धरून, त्यामुळे शोक सगळ्यात जास्त त्यांनाच झालाय असं वाटत होतं. मास्तर माइकपाशी गेले. कागद उघडला नाही.

"माझी बायको काय म्हणायची ते सांगायला उभा आहे," ते म्हणाले. "चौदा वाक्यं होती. चौकशीअंती दहा दुसऱ्यांची निघाली. चार उरली ती सांगतो."

सभागृहात जरा चुळबुळ झाली. शोकसभेत चौकशी कुणी अपेक्षिली नव्हती.

"पहिलं. 'कांदा चिरताना रडू आलं तर राहिलेलं रडणंही तेव्हाच उरकून घ्यावं.'"

दुसऱ्या रांगेतून काकूंची धाकटी जाऊ उभी राहिली. डोळे पुसत म्हणाली, "भावजी, माफ करा. ते मी त्यांना सांगितलं होतं. माझं लग्न झालं त्या वर्षी."

खरं तर मास्तरांनी पुढे जायला हवं होतं. कुणीही गेलं असतं. पण ते म्हणाले, "बरं झालं सांगितलंस. बस. तीन."

मावशीने माझं मनगट धरलं.

"दुसरं. 'देव असला तर त्याला आपल्यावाचून अडत नसेल. आपलं मात्र एकमेकांवाचून अडतं.'"

मागून बसकंडक्टरने हात वर केला. "सर, ते मी म्हणालो होतो. बस बंद पडली होती, सगळ्यांना उतरून ढकलायला लावत होतो तेव्हा. काकूपण ढकलत होत्या."

"तुम्ही म्हणालात?"

"देवाचा भाग एका प्रवाशाचा होता. ढकलायचा माझा."

"दोन," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज जरासुद्धा खाली आला नाही. मी त्यांचा खालचा ओठ बघत होतो, कवळी जागेवर होती. "तिसरं. 'चुकलेल्या माणसाला आधी बसायला खुर्ची द्यावी, मग बोलावं.'"

कुणी उठलं नाही. मास्तर थांबले. घड्याळाकडे बघून थांबले. आणि मग माझ्या शेजारून मावशी उठली.

"ते माझं आहे," ती म्हणाली. "त्या कवळी घासायला घेऊन आल्या होत्या, तुमची जुनी. हा," म्हणजे मी, "तेव्हा नुकताच कामाला लागला होता आणि त्याने एक साचा फोडला होता. मी त्याला बसवलं होतं. त्यांनी विचारलं का, म्हणून मी सांगितलं."

"एक," मास्तर म्हणाले.

आता सगळं सभागृह एवढं शांत होतं की बाहेरच्या बाकावर मास्तरांच्या जागी बसलेल्या कुणाचं तरी वर्तमानपत्र ऐकू आलं. मास्तरांनी दोन्ही हातांनी माइकचा दांडा धरला. ते शेवटचं सांगायला घाबरत होते, हे पहिल्या रांगेलाही कळत होतं आणि शेवटच्याही. सांगितलं नसतं तर ते तिचं राहिलं असतं. सांगितलं तर कुणीतरी उठू शकत होतं.

"चौथं," ते म्हणाले. "'पटलं नाही. पण तू बोल.'"

कुणीच उठलं नाही.

"मी काहीही सांगितलं की ती हे म्हणायची. तीस वर्षं. मला वाटायचं नुसतंच म्हणते, बोलायचं म्हणून." ते प्रवचनकारांकडे वळले. "तुझं आहे का हे?"

प्रवचनकारांनी तोंडावरचा रुमाल काढला. "नाही," ते म्हणाले, दातांशिवाय, सगळ्यांसमोर. "मलाही म्हणायची. 'तुम्ही बोला' म्हणायची, पण म्हणायची हेच. मला वाटलं, तुझ्याकडून शिकली असेल."

"माझ्याकडून? मी असं आयुष्यात कुणाला म्हणालेलो नाही." मास्तर परत सभागृहाकडे वळले. "कुणाचं असेल तर आत्ता सांगा. नंतर ऐकून घेणार नाही."

त्यांनी एक अख्खं मिनिट वाट बघितली. जाऊ खाली बघत होती. मावशी समोर बघत होती. कंडक्टरचा हात अर्धा वर गेला आणि सगळ्यांनी माना वळवल्या, तर तो डोकं खाजवत होता.

"तर मग हे तिचं," मास्तर म्हणाले. "पूर्ण तिचं. मला हेच सांगायचं होतं."

सभागृहाचे चिटणीस माइक घ्यायला पुढे आले. मास्तरांनी तो सोडला नाही.

"एवढंच आहे," ते त्यांना म्हणाले, "म्हणून पुन्हा सांगणार."

"मागे ऐकू आलं नाही!" शेवटच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं.

मास्तरांनी माइक चिटणीसांच्या हातात दिला, मंचाच्या कडेपर्यंत आले, आणि शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा तो शाळेतला आवाज काढून ते वाक्य परत म्हणाले.